वीरप्पांचं वाक्य

"निस्तं शुद्धलेखन बघायचं, ताई. काना-मात्रा, वेलांटी. बाकी कशाला हात लावायचा न्हाय," असं म्हणत गुरुसिद्धप्पांनी खिशातला कागद शिवलीलाच्या टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची असून उभेच राहिले. बसलं की काम वाढेल, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता.

नळदुर्गात हायवेच्या कडेला त्यांचा कुट्टी मशीनचा कारखाना. एका तोंडानं कडबा घातला की दुसऱ्या तोंडानं बारीक तुकडे करून देणारं हे यंत्र. नाव 'वीरप्पा कुट्टी'. वीरप्पा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण आसपासच्या गोठ्यांमधून त्यांचं नाव रोज सकाळ-संध्याकाळ घरघरत असे. मशीन कसं चालवायचं हे सांगणारा जो कागद गिऱ्हाइकाला मिळतो, तोच आता टेबलावर होता.

"उद्या दूध संघाचे साहेब येयलेत," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "सभासदांना मशीन द्यायचीत त्यांना. पसंत पडलं तर वर्षाचं काम एका झटक्यात. पर त्यांनी फोनवर सांगितलंय, मशीन बघणार अन् कागदबी बघणार. कागदात काय बघायचं असतंय, देव जाणे."

काय बघायचं असतं, हे शिवलीलाला चांगलं ठाऊक होतं. सोलापूरच्या एका दैनिकात तिनं उमेदीची वर्षं मुद्रितं तपासण्यात घालवली होती. पुढे काटकसरीची कुऱ्हाड आली आणि नेहमीप्रमाणे ती आधी तपासणाऱ्यांच्या टेबलावर पडली. ज्या दिवशी घरी बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात एका जिवंत पुढाऱ्याचा फोटो निधनवार्तेत छापून आला, हे ती अजूनही चवीनं सांगे. मग ती नळदुर्गला परतली, एका फ्लेक्सच्या दुकानावरची खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली: 'व्यावसायिक मजकूर तपासून व सुधारून मिळेल.' गावाला करमणूक झाली. "वाचायचे पैसे घेते म्हणं बाई!" चौकात कुणीतरी तोंडावरच म्हणालं. "घेते की," शिवलीला म्हणाली, "न वाचता छापून परत छापायला तुम्ही देता, त्याच्यापेक्षा कमीच घेते." तो माणूस पुढं तिचाच गिऱ्हाईक झाला. डाळीची पाकिटं, शाळांची माहितीपत्रकं, दवाखान्यांच्या पाट्या, पतसंस्थांच्या सूचना, सगळं तिच्या हाताखालून जाऊ लागलं. पसंत पडलं की कोपऱ्यात ती 'तपासले' असं लिहून सही करी. ती सही असली की खालचा फ्लेक्सवाला डोळे मिटून छापी.

तिनं कागद एकदा मनात वाचला, एकदा ओठ हलवत वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं. तिनं पेन खाली ठेवणं हे चांगलं लक्षण नव्हे, हे जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. गुरुसिद्धप्पा नवे होते.

"शुद्धलेखन चांगलंय, अण्णा. कुणी लिहिलंय?"

"अप्पांनी," ते अभिमानानं म्हणाले. "मोटारीच्या चार वळी माझ्या. बाकी समदं अप्पांचं."

"मशीनच्या तक्रारी येतात का?"

"मशीनच्या न्हाय येत. माणसांच्याच येतात. माझा एक मेकॅनिक निस्ता मोटारसायकलवर असतोय. आज बेंबळी, उद्या आनिक कुठं. तिथं गेला की कळतंय, पट्टा उलटा बसवलाय, न्हायतर कडबा लई कोंबलाय. मागं वाशीच्या रणधीरचा फोन आला, आपला डीलर हाय त्यो. तिकडं एका बाईच्या बांगड्या गेल्या मशीनमधी. हात वाचला, नशीब. कागदात समदं लिवलंय हो! पर वाचतंय कोण?"

"मी तेच विचारणार होते. वाचतं कोण?"

"ज्यानं मशीन घेतलं, त्यो मालक."

"आणि कुट्टी कोण करतं?"

"आता गोठ्यातलं काम म्हणल्यावर... बायकाच करतात की."

"म्हणजे वाचणारा एक आणि करणारी दुसरीच. तो दारात उभा राहून मोठ्यानं वाचणार, ती मशीनपाशी ऐकत ऐकत करणार. आपल्याकडं असंच चालतं. मग नुसतं डोळ्यांसाठी लिहून कसं भागेल? कानासाठी लिहावं लागतं." तिनं पायांत चपला घातल्या. "चला, तुमच्या कारखान्यात जाऊ."

"शुद्धलेखनाला कारखाना कशाला?"

"तुम्ही मशीन चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देता का? मीही कागद चालवून बघितल्याशिवाय देत नाही."

गुरुसिद्धप्पांना हे उत्तर पटलं नाही, पण आवडलं. धंदेवाईक माणूस दुसऱ्याच्या धंद्याचा ताठा ओळखतो.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिला लागूनच घर. घराच्या ओसरीवर गुरुसिद्धप्पांची आई, गंगम्मा, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेडमध्ये पत्रा कापण्याचा आवाज चालला होता. शिवलीलानं सगळ्यांकडं एकदा नजर टाकली आणि मशीनना हिरवा रंग देणाऱ्या बाईला बोलावलं. तिचं नाव कडूबाई. नुकतीच कामाला लागलेली, घरी चार शेळ्या, कुट्टी मशीन नाही.

"हिला कशाला? हिला काय येत न्हाय अजून," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "मेकॅनिकला घ्या की."

"ज्याला येतं त्याच्यावर कागद तपासता येत नाही. तो कागदात नसलेलंही करून मोकळा होतो."

तिनं मेकॅनिककडून एका नव्या मशीनची पाती काढून घेतली. मोटारीची पिन स्वतः उपसली आणि ती वायर स्वतःच्या मुठीत धरली. मग कडूबाईला म्हणाली, "हे बघा, मोटार चालू आहे असं समजायचं. मी वाचीन तसं करायचं. पुढचं-मागचं डोकं लावायचं नाही."

"डोकं न्हाय लावायचं व्हय? मग झ्याक," कडूबाई पदर खोचत म्हणाली. शेडमधले सगळे हसले आणि हातातली कामं टाकून भोवती जमले.

शिवलीला वाचू लागली. कडब्याची पेंढी कशी धरावी, तोंडात किती सारावी. कडूबाई ऐकून ऐकून तसंच करत होती. दोन ठिकाणी ती अडखळली, शिवलीलानं समासात खुणा केल्या. मग ते वाक्य आलं.

"'कडबा अडकल्यास झाकण उघडावे व आत हात घालून मोकळा करावा.'"

कडूबाईनं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पुढचं ऐकायला मान वर केली.

"'विजेचे यंत्र असल्यास तत्पूर्वी मोटार बंद करून चाक पूर्ण थांबल्याची खात्री करावी.'"

कडूबाईचा हात आतच होता. ती एकदा शिवलीलाकडं, एकदा त्या मोकळ्या पोटाच्या मशीनकडं बघत राहिली.

"आता बंद करू व्हय?" ती म्हणाली. "आधी सांगायचं की वो, बाई!"

या वेळी कुणी हसलं नाही. मेकॅनिकनं नजर खाली घातली. कडूबाईनं हात हळूच बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना.

"पर लिवलंय की!" गुरुसिद्धप्पांचा आवाज चढला. "त्याच्या फुडंच लिवलंय!"

"लिहिलंय, अण्णा. पण हात आत गेल्यावर."

गुरुसिद्धप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. वाशीकडच्या त्या बांगड्या आता त्यांच्या डोळ्यांपुढं खळकन फुटल्या असणार. तरी ते म्हणाले ते भलतंच.

"बाकी समदं बदला. लागंल तर माझ्या चार वळी काढून टाका. त्या वाक्याला हात लावू नका."

"का?"

"अप्पांचं हाय ते." मग ते तुटक तुटक सांगू लागले. वीरप्पांच्या वेळी मशीन हातानं फिरवायचं होतं. मोठं चाक, त्याला मूठ. कडबा अडकला की झाकण उघडायचं, हात घालून काढायचा. तेव्हा ते वाक्य बरोबरच होतं. मोटारीचं मशीन निघालं ते अप्पा गेल्यावर. छापायच्या वेळी गुरुसिद्धप्पांच्या लक्षात आलं की आता मोटार बंद करायलाही सांगायला हवं. अप्पांचं वाक्य मोडायचा धीर झाला नाही, म्हणून त्याच्या शेपटाला त्यांनी स्वतःचं वाक्य जोडून दिलं. "वडलांच्या बोलण्याच्या आधी कसं बोलावं माणसानं?"

शिवलीलाला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. असं एकेक वाक्य तिनं कितीतरी पेढ्यांवर पाहिलं होतं. थोरल्यांनी लिहिलेलं, चौकटीत बसवलेलं, कुणी न वाचता नमस्कार केलेलं. पुढची पिढी त्याच्या अवतीभवती जोडकाम करत राहते आणि कागदाची गोधडी होते.

"घरच्यांना घरचा कागद वाचता येत नाही, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही वाचत नाही, तुम्ही आठवता. त्यात तुमचा दोष नाही. म्हणून तर तो परक्या माणसाकडं द्यायचा असतो."

"मग राहू द्या. हायच तसा दाखवतो साहेबांना. शुद्धलेखन बरूबर हाय म्हणालात नव्हं?"

"आहे. पण 'तपासले' म्हणून मी सही करणार नाही."

"नका करू."

एवढ्या मोठ्या कारखान्याचं काम तिच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. हे नीट झालं तर हायवेवरचे बाकीचे कारखानेही आले असते, हा हिशेब तिनं जिना उतरतानाच केला होता. आता तो बारगळला. ते तिला लागलं, पण सही करायचा मोह काही झाला नाही. तिनं वायर मेकॅनिकच्या हातात दिली, कागदाची घडी घातली आणि तो गुरुसिद्धप्पांच्या पुढं धरला.

"गुरू, काय चाललंय रे?" ओसरीवरून गंगम्मांनी विचारलं.

"काय न्हाय, अव्वा. कागदाचं."

"कुठल्या? मशीनच्या?" शेंगांचं सूप बाजूला सारून त्या भिंतीला धरून उठल्या आणि शेडमध्ये आल्या. कडूबाईकडं बघून म्हणाल्या, "हिला हात घालाया लावलेलं बघितलं म्या." मग डोळे मिटून त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "कडबा अडकल्यास झाकण उघडावे व आत हात घालून मोकळा करावा." त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. पुस्तकी शब्द त्यांच्या तोंडात जपून ठेवल्यासारखे होते.

"तेच बदला म्हणायल्यात या ताई," गुरुसिद्धप्पा तक्रारीच्या सुरात म्हणाले.

गंगम्मा मशीनला हात टेकून उभ्या राहिल्या. "तुला काय वाटतंय, तुझ्या अप्पांनी एका बैठकीत लिवलं व्हय ते? तू तवा साळंला सोलापुरात. ते हितं उलट्या डब्यावर बसायचे कागद घिऊन, अन् म्या चाकापाशी. ते वाचायचे, म्या तसं करायची. म्या अडकले की कागदावर काट मारायचे. लई काट मारली. एकदा म्या म्हणलं, अहो, मला अडाणीला काय कळतंय, माझीच चूक होत आसंल. तर म्हणले, न्हाय गं. चूक तुझी न्हाय, कागदाची हाय."

गंगम्मांनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला. हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"तवा हात सोडला की चाक थांबायचं," गंगम्मा म्हणाल्या. त्यांनी मोटारीकडं बोट केलं. "हे थांबतंय व्हय? ते आसते तर ही बसवली त्याच दिशी मला हाक मारली आसती, चल गं, फिरून एकदा म्हणून. तू न्हाय मारलीस."

गुरुसिद्धप्पा एवढे केस पिकलेले गृहस्थ, पण शाळेतल्या पोरासारखी त्यांची मान खाली गेली. शिवलीलानं पुढं धरलेला कागद त्यांनी घेतला नाही. मेकॅनिकला म्हणाले, "ताईला बसाया डबा दे एक."

मग पाती काढलेल्या त्याच मशीनला वीज जोडून दुपारभर कागद चालवणं झालं. शिवलीलानं लिहायचं, वाचायचं, कडूबाईनं करायचं. 'तत्पूर्वी' आणि 'खात्री करावी' सगळे घरी गेले. जे आधी करायचं ते आधी आलं, एका वाक्यात एकच काम आलं. 'कडबा अडकला? आधी बटण बंद करा. मग पिन काढा. मग चाक थांबू द्या.' इथवर सगळं सुरळीत झालं. पण चाक थांबेपर्यंत कडूबाईच्या हातांना काही उद्योग नव्हता, आणि ते आपले हळूहळू झाकणाकडं सरकत होते. कामसू बाईचे हात रिकामे राहत नाहीत. शिवलीलानं ते पाहिलं आणि एक ओळ घातली: 'चाक थांबेपर्यंत दोन्ही हात कमरेवर ठेवा.'

"हे काय कागदात लिवायचं आसतंय व्हय?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा हसत होते.

"वाचून बघा तुम्हीच."

त्यांनी वाचलं. कडूबाई कमरेवर हात ठेवून अशी ठाम उभी राहिली की आता ती कुणाशी तरी भांडणार असं वाटावं. चाक थांबलं, मग तिनं झाकण उघडलं. पट्ट्याचंही तसंच झालं. आधी त्यावर लांबलचक वाक्य होतं, त्या जागी शिवलीलानं मेकॅनिककडून एक बाण काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'बाण मोटारीकडे हवा.' आपल्या निम्म्या फेऱ्या ह्या बाणात होत्या, असं मेकॅनिक स्वतःच म्हणाला. सूर्य मावळायच्या आत तिनं कोपऱ्यात 'तपासले' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दूध संघाचे साहेब आले. कागद वाचता वाचता कमरेवरच्या हातांपाशी थांबले, हसले, आणि मग हसायचे थांबले. त्यांनी स्वतः उभं राहून कागद मोठ्यानं वाचला आणि मेकॅनिकला करायला लावलं. "असा कागद आमच्याकडं कुठल्याच कंपनीनं दिला नाही," एवढंच म्हणाले. काम मिळालं. पुढच्या दिवसांत मेकॅनिकची मोटारसायकल शेडबाहेर लिंबाखाली उभी दिसू लागली. वाशीचा रणधीर फोनवर म्हणाला, "अण्णा, आता गिऱ्हाईक मला काय इचारतच न्हाय. मशीन नेतंय अन् गप बसतंय. कुणी लिवलं हे? आपल्या फवारणीच्या पंपाचा कागदबी त्यांच्याकडं द्यायचाय." गुरुसिद्धप्पांनी शिवलीलाचा नंबर दिला, आणि वर सल्लाही दिला: "निस्तं शुद्धलेखन बघा म्हणू नको, चपला घालून थेट तुझ्या दुकानात येतील."

त्याआधी, छापलेले कागद आले तेव्हा, पहिला कागद घेऊन शिवलीला आपणहून ओसरीवर गेली होती. गंगम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, वर छापलेल्या वीरप्पांच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"ह्यात त्यांचं काय राहिलं का, बाई?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. "शब्द एकही नाही राहिला, अव्वा," शिवलीला म्हणाली.

गंगम्मांनी मान हलवली. पदर डोक्यावर नीट घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "वाचा."

शिवलीला वाचू लागली. पेंढी कशी धरायची, किती सारायची. गंगम्मा बघत होत्या शेडकडं, पण ऐकत होत्या शब्द न् शब्द. "'कडबा अडकला?'" असं वाचून शिवलीलानं क्षणभर श्वास घेतला, आणि तेवढ्यात म्हाताऱ्या बाईचे ओठ हलले. 'झाकण उघडावे' इथवर ते आवाज न करता गेले आणि थांबले. मग त्यांनी ओठ मिटून घेतले आणि नव्या ओळीला वाट दिली.

शिवलीलाला ते दिसलं. तिनं मान वर केली नाही. आवाज जरा मोठा केला आणि पुढचं वाक्य वाचलं.